तिसऱ्या सांध्याचा ड्राइव्ह

यंत्रमानव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोकं, डोळे, दोन पाय असं काहीतरी येतं. मी ज्या यंत्रमानवांची कामं करते त्यांना फक्त एक हात असतो. जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेला, माणसापेक्षा उंच, खांदा, कोपर आणि मनगट असलेला लोखंडी हात. त्याच्या प्रत्येक सांध्यात एक मोटार असते. त्या मोटारीने कधी, किती आणि कोणत्या बाजूला फिरायचं, हे वीज मोजून मोजून तिला सांगणारा एक डबा बाजूच्या कपाटात असतो. त्या डब्याला सर्वो ड्राइव्ह म्हणतात. सहा सांध्यांना सहा डबे. त्यातला एक गेला की बाकीचे पाच धडधाकट असूनही हात जागच्या जागी उभा राहतो. हे डबे दुरुस्त करणं हा माझा धंदा. आधी दहा वर्षं वाळूजला दुसऱ्याच्या नोकरीत केला, आणि आता सहा वर्षांपासून वडवणीत, बसस्थानकामागच्या एका गाळ्यात करते.

वडवणीत कशाला, असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक फोनवर विचारतं. आईचे गुडघे गेले होते आणि दादा, म्हणजे माझे वडील, गावातल्या चार शेळ्या सोडून कुठेही यायला तयार नव्हते, हे खरं उत्तर आहे. पण ते मी सांगत नाही. मी म्हणते, डबा खोक्यातून येतो, त्याला गाव कुठं कळतंय. वाळूजहून, चाकणहून खोकी येतात आणि दुरुस्त होऊन जातात. बीड-परळी गाडीचे एक जुने वाहक आहेत. ते मला नावाने ओळखत नाहीत, खोक्यांवरून ओळखतात. "मॅडम, तुमचं लेकरू आलंय बघा," म्हणतात, "लई जड हाय, काय खायला घालता त्याला?"

मी थकले आहे, हे लिहायला मला संकोच वाटतो. आमच्या घरात थकायचा मान पायाला भेगा पडलेल्या माणसांचा होता. आईने आणि दादांनी मिळून एक कोयता म्हणून बावीस हंगाम ऊस तोडला. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात, दोन माणसं असं कोणी मोजत नाही. ते कारखान्यांच्या मुलखात जायचे तेव्हा मी वडवणीच्या वसतिगृहात राहायचे. तिथल्या एका शिक्षकांनी माझा डिप्लोम्याचा फॉर्म स्वतः भरला आणि बीडला स्वतः नेऊन दिला. त्या एका फॉर्मवर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आणि हे मी रोज आठवते. घरातली पहिली पदविका माझी. खुर्चीत बसून थकणारीही पहिली मीच. मान दुखते, सोल्डरच्या धुराने डोळे चुरचुरतात, केसाएवढ्या जाडीच्या तारा भिंगातून बघून बघून दुपारपर्यंत डोकं जड होतं. आणि हे सगळं आईच्या गुडघ्यांसमोर बोलता येत नाही.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने काही वर्षांपूर्वी असा एक हात आणला. नवा नव्हे. मोटारगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तिकडे त्याने दारं उचलली असतील, इकडे तो साखरेची पन्नास किलोची पोती उचलून थप्पी लावायला लागला. हमालांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, जावईबापू. त्याच्या कपाटात थंड हवेसाठी पंखे होते म्हणून. "जावयाला पंखा आन् आमाला घाम," असं गोदामात चाललेलं असायचं. त्याचे ड्राइव्ह इतके जुने होते की बनवणाऱ्यांनीही ते बनवायचं थांबवलं होतं, त्यामुळे ते माझ्याकडे येऊ लागले. दर वर्षी हंगामाआधी मी सहाही डबे उघडायचे, झाडायचे, म्हातारे झालेले भाग बदलायचे आणि मोटार जोडून दिवसभर चालवून बघायचे. जवळचं आणि भरवशाचं असं माझं ते एकच काम होतं. त्यासाठी बसची वाट बघावी लागत नव्हती. कारखान्याचा टेम्पो दारात यायचा.

त्या वर्षी पाच डबे आधी गेले होते. तिसऱ्या सांध्याचा, म्हणजे कोपराचा डबा मागे राहिला होता, त्याचा एक भाग उशिरा आला म्हणून. तो मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूर्ण केला, संध्याकाळी चाचणी संपली, आणि सकाळी टेम्पो येणार म्हणून टेबलावर ठेवला.

खंडेनवमीला आमच्या घरी कोयत्याची पूजा असते. आई आता तोडीला जात नाही, तरी कोयता राखेने घासून लख्ख करते. आमच्याकडे अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात. मागच्या कणसाचे पाच दाणे ती कोयत्याच्या फडक्यातच बांधून ठेवते. कुंकू कोरडं लावत नाही, तेलाच्या थेंबात कालवते, म्हणजे लोखंडावर टिकतं. त्या सकाळी ती ताट घेऊन पहिल्यांदाच माझ्या गाळ्यात आली. सहा वर्षांत ती दारापर्यंत जेवणाचा डबा घेऊन यायची, आत कधी येत नव्हती. माझं काम रेडिओ दुरुस्तीसारखं काहीतरी आहे, असं ती गावात सांगायची.

तिने पकडी, सोल्डरिंगचा स्टँड, मीटर यांना एकेक बोट लावलं. मग ड्राइव्हसमोर थांबली.

"ह्याचं तोंड कुठं हाय गं?"

"त्याला तोंड नसतं, आई."

"मग वारं कुठून घेतंय?"

मी हसले आणि डबा फिरवून त्याची मागची बाजू दाखवली. तिथे जाळीच्या आत तळहाताएवढा पंखा असतो. "इथून घेतं."

"मग हितंच लावते." तिने करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि जाळीतून आत घालून पंख्याच्या मधोमध दाबलं. चांगलं भरपूर. मग पाच दाणे एकेक करून जाळीवर ठेवले आणि झेंडूचं फूल वर ठेवलं. हात जोडले. "लेकीच्या पोटाला देतंस, सुखी राहा," असं त्या डब्याला म्हणाली.

तेवढ्यात टेम्पो आला. मी फूल काढून घेतलं. डबा उचलला तेव्हा दाणे जाळीतून आत घरंगळले. त्यांचा आवाज मी ऐकला. पंख्यावरचा लाल ठिपका मला दिसत होता. माझ्या टेबलाचा मीच केलेला नियम आहे की, चाचणीनंतर डब्याला कापडाशिवाय काही लागता कामा नये. पुसायला एक मिनिट लागलं असतं. पण आई ताट घेऊन तिथेच उभी होती, तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ती निघून जाण्याआधी ते पुसायचं मला जमलं नाही. मी डबा प्लास्टिकच्या फुग्यांच्या कागदात गुंडाळला, क्रेटमध्ये ठेवला, 'दुरुस्त, तपासले' हे माझ्या सहीचं लेबल चिकटवलं आणि टेम्पोत दिला.

मग कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, हंगाम सुरू झाला, आणि मी ते विसरले.

पौषातल्या थंडीत कारखान्यातून फोन आला. मी पहिल्या गाडीने गेले. गोदामात पोहोचले तेव्हा हात कोपरात वाकून हवेत उभा होता आणि त्याच्या पंज्यात एक पोतं लटकत होतं. ड्राइव्ह गेला की मोटारीचा ब्रेक आपोआप लागतो, म्हणून ते पोतं खाली पडलं नव्हतं. सकाळपासून सगळे त्याच्याकडे बघत होते. थप्पी लावायला नाक्यावरून हमाल बोलावले होते. त्यातला एक खालून पोतं पाठीवर घेता घेता म्हणाला, "काय पाव्हणं, जावई रुसलाय काय? मानपान न्हाई झाला वाटतं आवंदा."

ज्याला तो म्हणाला, तो या हाताचा ऑपरेटर. पन्नाशीतला माणूस. आधी याच गोदामात हमाल होता. हात आला तेव्हा बाकीची टोळी दुसरीकडे गेली, हा एकटा राहिला. बटणांची भीती न वाटणारा हाच एक निघाला म्हणून. बारावी नापास, पण कोणता आवाज बरोबर आणि कोणता नाही, हे त्याला कळायचं. मला ताई म्हणायचा.

"ताई, चांगला चाललाता. दोन थप्प्या केल्या. मंग कोपर असं थरथरलं आन् उभाच ऱ्हायला."

"कपाटात वास आला का?"

"गूळ करपल्यावानी."

कारखान्याचे विद्युत विभागाचे साहेब आले. वयाने माझ्याएवढेच, सभ्य, पण त्या दिवशी त्यांना वर उत्तर द्यायचं होतं. मी कपाटातून तिसरा डबा ओढून काढला. त्याची मागची बाजू वळली, आणि जाळीच्या आत लाल रंग दिसला. मला आणि त्यांना एकदमच दिसला.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. मग ऑपरेटरकडे वळले. "कुंकू लावलंस का बे आत?"

"मोळीच्या दिशी लावलं साहेब. समद्यांनीच लावलं. तुमी तर नारळ फोडला की."

पोती वाहणाऱ्यांमधून कोणीतरी हसलं. साहेबांना ते आवडलं नाही.

"कपाटाच्या आत लावलं का, ते विचारतोय."

"दाराला लावलं." तो थांबला. "आतबी एखादं बोट लागलं आसंल. ध्यानात न्हाई."

तो खरं बोलायला जात होता आणि स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत होता. मी डबा हातात धरून उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, "उघडून बघते, मग सांगते."

परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले. धारूर फाट्यापर्यंत मी स्वतःला सांगत होते की, कुंकू मोळीच्या दिवशीचंही असू शकेल. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायलाही युक्तिवाद लागतो. पण पुरावा मांडीवरच होता. हा डबा कपाटात बसवला की त्याचा पंखा मागच्या पत्र्याकडे तोंड करून असतो. तिथे बोट जात नाही. डबा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय कोणालाही तिथे कुंकू लावता येणार नाही, आणि मोळीच्या दिवशी तो कपाटातच बसलेला होता.

टेबलावर स्क्रू काढले. पंखा बोटाने फिरेना. तेलाच्या कुंकवावर गोदामातली साखरेची बारीक धूळ बसत गेली होती, दोन महिने, थरावर थर, आणि त्याची चिक्की झाली होती. पंखा आधी मंद झाला असणार, मग थांबला. या जुन्या डब्यांना पंखा थांबल्याची वेगळी सूचना देता येत नाही. ते तापत राहतात आणि मग आतला वीज पेलणारा भाग जळतो. पंख्यामागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. त्यांत ज्वारीचे दाणे अडकले होते, भाजून काळे झालेले. कारखान्याच्या पूजेला तांदूळ असतात. मी चिमट्याने चार दाणे काढले. मग पाचवा शोधत बसले. तो सापडला नाही तर काहीतरी वेगळं ठरेल, असं वाटत होतं की काय, माहीत नाही. तो सगळ्यात आतल्या खाचेत होता.

दुरुस्तीला अडीच दिवस लागले. जळालेला भाग माझ्याकडे होता, पंखा नवा घातला, आतली सर्किटची पाटी धुतली, मोटार जोडून चालवली. ते काम हातांनी केलं, डोकं त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, डबा होईलच. मला तुमचा अहवाल लागेल. बिघाडाचं कारण म्हणून ऑपरेटरने आत हळदीकुंकू टाकलं, एवढं लिहून द्या. तुमच्या सहीने."

"त्याचं काय होईल?"

"कंत्राटी आहे तो. वरून दुसरा माणूस देतो म्हणालेत, आयटीआय झालेला. मला काही त्याचा राग नाही हो. पण कारण नाही दिलं तर मग मशीनच खराब आहे असं होतं."

मी बरं म्हणाले. बरं म्हणजे होकार नव्हता, पण फोनवर तो तसाच ऐकू जातो.

माझ्या अहवालाचा एक छापील कागद आहे. त्यात शेवटचा रकाना 'बिघाडाचे कारण' असा आहे. तो कागद दीड दिवस टेबलावर पडून होता. मी एवढाच विचार करत होते की, खरं लिहिलं तर हे काम जाणार. मग पुन्हा सगळा धंदा बसच्या वेळापत्रकावर, लांबच्या माणसांच्या मर्जीवर. सोळा वर्षांनी पुन्हा नव्याने ओळख करून द्यायची, वडवणीत कशाला याचं उत्तर द्यायचं. याचाच कंटाळा होता, भीतीपेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटर आला. बाजाराचा दिवस होता, बरोबर बायको होती. तिने हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी आणली होती, ती दारातच ठेवली. तो आत आला, पण बसला नाही.

"ताई, साहेबांनी सांगितलं मला. तुमी लिवा काय लिवायचं ते."

"तुम्ही बसा आधी."

"मी लावलंय, म्हंजी लावलं आसंल. देवाधर्माला न्हाई म्हनून मी खोटं बोलनार न्हाई. फकस्त एक करा." त्याने टोपी काढून हातात घेतली. "मुद्दाम केलं, असं तेवढं लिवू नका. दुसऱ्या कारखान्याला इचारायला गेलो तर तसं नको."

तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आली. पायरीवर बसलेली त्याची बायको बघून तिने गाळ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला. दोघी पायरीवरच बसल्या. माझी आई कोणाही बाईला पहिला प्रश्न एकच विचारते.

"कोयत्यावर गेलतीस का कधी?"

"धा-बारा वर्सं. ह्यांना गोदामात लागलं तवापासून न्हाई."

"कोनच्या भागात?"

"पार साताऱ्याकडं. लई लांब." मग तिने आवाज खाली केला, तरी मला ऐकू आलं. "पोटाचं आपरेशन झालंय माझं, मावशी. आता मोळी डोक्यावर घेतली की डोळ्याम्होरं काळोख येतो. पन ह्यांचं गेलं तर जावंच लागंल. मुकादम म्हनला, मधल्या हंगामातबी घेतो, कोयता पुरा पायजे मातर."

"नगं गं बाई," आई म्हणाली. "आता ह्या वयात परत कोयता नगं." आणि तिच्या कपात स्वतःच्या कपातला चहा ओतला. "ऱ्हाईल त्यांचं काम. माझी लेक हाय की. ती लिवंल नीट."

मी टेबलापाशी बसून हे ऐकत होते. ऑपरेटर भिंतीवरचं माझं पदविकेचं प्रमाणपत्र बघत उभा होता. काचेत त्याचा चेहरा दिसत होता. पाच भाजलेले दाणे स्क्रूच्या बशीत, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. त्याने विचारलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. चहा पिऊन ती दोघं बाजारात गेली.

मग मी रकाना भरला. 'दुरुस्तीनंतर माझ्या कार्यशाळेत पूजेच्या वेळी पंख्यावर तेलातलं कुंकू लावलं गेलं व धान्याचे दाणे आत पडले. ते माहीत असूनही मी डबा साफ न करता पाठवला. पंखा मागील बाजूस असल्याने कारखान्यातील कोणालाही तेथे हात लावणे शक्य नाही. ऑपरेटरचा दोष नाही.' आई हा शब्द लिहिला नाही. लावलं गेलं, असं लिहिलं. तेवढी मोकळीक मी घेतली.

दुसऱ्या दिवशी डबा आणि कागद घेऊन स्वतः गेले. डबा बसवला. ऑपरेटरने हात सावकाश खाली आणला. पंज्यातलं पोतं पहिल्याच दिवशी शिडी लावून काढलं होतं, पंजा मोकळाच होता, तरी त्याने तो जमिनीपर्यंत हळूच टेकवला, आत काही असल्यासारखा. साहेबांनी कागद उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला.

"हे लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले. "कोणी विचारलं नसतं."

"त्याला विचारलं असतं."

त्यांनी कागदाची घडी केली. "मॅडम, तुम्हाला समजतंय ना, हा कागद मला वर द्यावा लागेल. पुढच्या वर्षी मग तुमचं नाव सुचवणं मला अवघड आहे."

"समजतंय."

"आणि याचं..." त्यांनी ऑपरेटरकडे मान वळवली. "याचं राहील. आता कारणच नाही काही."

ऑपरेटर काय झालं ते विचारायला फाटकापर्यंत आला. मी सगळं सांगितलं, ज्वारीपासून सहीपर्यंत. त्या चार दिवसांत त्याने स्वतःलाच दोषी मानलं होतं, बायकोला सांगितलं होतं, मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. मी आणखी दोन दिवस आधी बोलू शकले असते. त्याने ते बोलून दाखवलं नाही. "म्हंजी काल तुमी चहा पाजला तवाच..." एवढं म्हणून तो थांबला. मग "गाडी यील आता तुमची," म्हणून परत फिरला. मला त्याने ताई म्हटलं नाही. पुढेही कधी भेट झाली नाही.

हंगाम संपला. उन्हाळ्यात कारखान्याचे डबे पुण्याला गेले, असं कानावर आलं. टेम्पो दारात आला नाही. मी पार्सलं वाढवली, लांबची दोन गिऱ्हाइकं जोडली, सकाळची गाडी चुकू नये म्हणून पावसाळाभर आठलाच बसस्थानकावर खोकी घेऊन उभी राहिले. खांदा तेव्हा धरला, तो अजून सुटलेला नाही.

खंडेनवमीला आई पुन्हा ताट घेऊन आली. टेबलावर वाळूजचा एक डबा होता.

"कारखान्याचा न्हाई आला आवंदा?"

"नाही येणार."

"कावून?"

तिला सांगायचं नाही, असं मी वर्षभर ठरवलं होतं. पण तिने बोट कुंकवात बुडवलं होतं आणि ती डबा फिरवून वाऱ्याची बाजू शोधत होती. तेव्हा सांगितलं. ती स्टुलावर बसली. बोट तसंच वर धरून तिने सगळं ऐकलं.

"मी कोयत्याला कुठं लावते?" तिने विचारलं.

"मुठीला."

"धारंला कावून न्हाई?"

मला माहीत होतं. तेल धारेला लागलं की कोयता कांड्यावरून सटकतो आणि पायावर येतो. लहानपणी तिनेच सांगितलं होतं.

"धारंचं मला कळतंय," आई म्हणाली. "ह्या डब्याचं मला काय कळतंय? तुला कळतंय. म्हून तर तुला इचारलं मी, कुठं लावू म्हून. तू दावलंस तिथं लावलं."

मी मीटरच्या तारा गुंडाळू लागले.

"त्या मान्साला चहा पाजला मी. तवा तुला ठावं होतं?"

"होतं."

तिने मान हलवली, नुसतीच. बाहेर परळीची गाडी लागल्याचं कोणीतरी ओरडत होतं. ज्वारीचे दाणे तिने ताटातून उचलून परत फडक्यात बांधले. मग उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि टेबलाजवळ आली.

"ह्याची मूठ कुठं हाय?"

ड्राइव्हला मूठ नसते. मी जरा वेळ बघत राहिले, आणि मग टेबलाखालची निळी प्लास्टिकची क्रेट ओढून वर ठेवली. तिच्यातूनच मी डबे बसस्थानकापर्यंत नेते आणि आणते. तिच्या दोन्ही बाजूंना हात घालायच्या खाचा आहेत, हातांच्या मळाने काळ्या झालेल्या.

"इथं लाव," मी म्हणाले.